फॉर्मवर नसलेला प्रश्न

मेलेल्या माणसाबद्दलचे सगळे प्रश्न त्याच्या बायकोला विचारावे लागतात, ही आमच्या कामातली पहिली अडचण. तेही ती रडत असताना, आणि घड्याळ पुढे पळत असताना.

मी परभणी जिल्ह्यात नेत्रसंकलनाचं काम केलं. कुठे कोणी वारलं आणि घरच्यांनी नेत्रदानाला होकार दिला, की पेटी घेऊन त्या घरी जायचं, डोळे काढायचे, बर्फाच्या डब्यातून मोठ्या शहरातल्या नेत्रपेढीकडे पाठवायचे. हे सगळं माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत. खेड्यातून फोन आला की मी आधी ओरडायची, "पंखा बंद करा! पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या!" समोरचा बिचारा आत्ताच बाप गमावून बसलेला असायचा आणि ही बाई पंख्यावरून खेकसतेय. पण वाऱ्याने बुबुळ सुकतं आणि बुबुळावरचा तो पारदर्शक पडदाच तर आम्हाला हवा असतो. मुळात माझा स्वभाव घाईचा. या नोकरीने त्याला खतपाणी मिळालं.

लोकांना वाटतं, डोळे काढणं हेच आमचं काम. ते वीस मिनिटांत होतं. हात बसला की त्यात काही नाही. खरं काम म्हणजे डोळे नाकारणं. एका माणसाच्या शरीरातली वस्तू दुसऱ्याच्या शरीरात बसवायची, तर तिच्याबरोबर दुसरं काही जाता कामा नये. म्हणून मृताच्या रक्ताची एक नळी भरून घ्यायची. तिच्यातून एचआयव्ही, काविळीचे दोन वाईट प्रकार आणि एक गुप्तरोग, एवढं तपासलं जातं. अहवाल येईपर्यंत डोळे थांबतात. जाण्याआधी माणसाला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या असतील तर रक्त पातळ होतं आणि असलेला रोगही नळीत दिसत नाही, म्हणून तेही विचारावं लागतं. आणि काही रोग असे की त्यांची त्या नळीत तपासणीच होत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग त्यातला. तो शोधायला फक्त तोंड आहे, विचारणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं.

आता आमच्याकडची माणसं कशी सांगतात ते ऐका. पोखर्णीला एक गृहस्थ वारले. मी मेव्हण्याला विचारलं, अलीकडे कावीळ झाली होती का? ठाम उत्तर आलं, न्हाई. मी हातमोजे चढवले. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "झालती की वो. पन उतरवली."

"कधी?"

"पंधरा दिस झाले. डोक्यावर ठेवलेली माळ पार गुडघ्यापस्तोर आली बगा. समदी उतरली."

माळ लांबत गेली की कावीळ उतरली, असा आमच्याकडचा समज. मी हातमोजे काढले आणि पेटी मिटली. मेव्हणा दारापर्यंत भांडत आला. "मॅडम, उतरवलेली कावीळ कशी काय धरता तुमी?" त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. आमच्या फॉर्मवर उतरवलेल्या काविळीसाठी वेगळी चौकट नव्हती, एवढंच.

तेव्हापासून मी फॉर्मची भाषा सोडून दिली. ताप होता का, असं विचारलं तर न्हाई म्हणतात. कणकण होती का विचारलं की आठ दिवसांची कणकण बाहेर पडते. दवाखान्यात होते का, न्हाई. बाटल्या लावल्या होत्या का, हो, चार. बाईला बाजूला घेऊन नवऱ्याच्या भानगडींबद्दल विचारावं लागतं, तेही मी चुलीपाशी बसून, तिचा हात हातात घेऊन विचारायची. एका घरात अट घातली होती की डोळे शाकाहारी माणसालाच बसवा. त्यांना मी सांगितलं, डोळा काही खात नाही, खाणारं तोंड वेगळं. ते मानले. थोडक्यात, मला माणसाकडून काढून घेता येतं असा मला गर्व झाला होता. नव्या मुलींना शिकवताना मी तो लपवतही नव्हते.

मग ताडकळसचे साळवे गुरुजी गेले.

गुरुजी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले. आधीच्या वर्षी जयंतीच्या दिवशी विहारासमोर माईकवर उभं राहून त्यांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. मी तिथे होते. "जळून जाण्यापेक्षा कुणाला दिसंल," असं म्हणून त्यांनी सही केली आणि त्यांच्यामागे आणखी काहीजणांनी केली. त्यामुळे ते गेले तेव्हा साऱ्या वस्तीचं लक्ष आमच्या जीपकडे होतं. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. दहाच्या सुमारास मी पोचले. गुरुजींची बायको मथुराबाई भिंतीला टेकून बसली होती. मुलगा मिलिंद, घरची शेती तोच बघतो, माझ्यासमोर बसून एकेक उत्तर देत होता. कणकण? न्हाई. बाटल्या? एकबी न्हाई. कावीळ? न्हाई, उतरवलेलीबी न्हाई, हेही मी विचारून घेतलं. कुत्रा, मांजर, माकड, कोणी चावलं, ओरखडलं? न्हाई. त्यानं सही केली, मथुराबाईंनी केली. वीस मिनिटांनी मी बाहेर आले तेव्हा बायाबापड्या बाजूला सरून वाट देत होत्या. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा अहवाल आला, स्वच्छ. नेत्रपेढीतून फोन आला की एक डोळा माझ्याच पेशंटला बसवणार. पाथरीकडची कोंडाबाई. ऊस तोडताना पानाची धार डोळ्याला लागली आणि बुबुळ पांढरं पडलं, दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसायचं. तिचं नाव यादीत मीच घातलं होतं. तिला दाखल करून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं.

ही बातमी मी आमचे ड्रायव्हर रहीमभाई यांना चहा पिताना सांगितली. ते खूश झाले, मग मान हलवून म्हणाले, "लेकिन त्या घराचं नसीबच खराब बगा मॅडम. तीन हप्त्यामागं दुभती म्हैस गेली, आता मालक."

"कशानं गेली?"

"बाहेर बसलेले लोक बोलत होते. घशात काहीतरी अटकलं म्हने. गुरुजींनी हात घालून बघितलं, काय सापडलं न्हाई."

मी उठले तेव्हा चहा सांडला. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गाय-म्हैस पाणी गिळेनाशी झाली, तोंडातून फेस गाळायला लागली, की आमच्याकडचा शेतकरी समजतो की कडब्याचं ताट, म्हणजे ज्वारीचं वाळकं खोड, घशात अडकलं. तो बाह्या सरसावतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. जनावर वाचवायला दुसरं काय करणार? पण पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या म्हशीलाही गिळता येत नाही. तिची लाळही तशीच गळते. आणि कडब्याने फाटलेल्या, दाताने खरचटलेल्या त्या हातातून रोग आत जातो. चावा नाही, ओरखडा नाही. फॉर्मवरचं उत्तर शंभर टक्के खरं.

मी मिलिंदला फोन लावला.

"हाव, घातलता हात," तो म्हणाला. "पानी पियना, फेस गळायलता, हंबरडा येगळाच फोडायलती. म्या जबडा धरला, आन आबांनी हात घातला. चौथ्या दिवशी मेली."

"जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली?"

"कुठं वो, बांधाला पुरून टाकली. काहून इचारायलात मॅडम?"

"फॉर्म पूर्ण करायचाय," मी म्हणाले, आणि फोन ठेवला. बोलता बोलता मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. त्याचं बोलणं लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

नेत्रपेढीच्या डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं. हृदयविकाराने मृत्यू, रक्त स्वच्छ, लक्षण एकही नाही. म्हैस पिसाळलेली होती याची खात्री आहे का? मी म्हणाले, "नाही. म्हणूनच फोन केलाय." ते म्हणाले, "बाद." नियमच तसा आहे. अशा जनावराच्या लाळेशी अलीकडे संबंध आला असेल आणि लस घेतलेली नसेल, तर डोळे घ्यायचे नाहीत. शंकेचा फायदा डोळा घेणाऱ्याला द्यायचा, देणाऱ्याला नाही.

संध्याकाळी कोंडाबाईचा फोन आला. "बाई, डोळा देतो म्हनून ठिवून घेतलं आन गोळ्या देऊन घरी लावलं. काय झालं?" मी म्हणाले, चूक माझी. ती म्हणाली, "तुमची कशी?" तिला पुढे सहा-सात महिन्यांनी दुसरा डोळा मिळाला आणि ती आता नीट बघते, म्हणून हे लिहायला तरी जमतंय.

दोन माणसं वाचवली, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. घरात भांडी आपटत होते, कारण कळत नव्हतं. त्यात मिलिंदचा फोन. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन, आबांच्या स्मरणाचा कार्यक्रम आहे, तुम्ही यायचं, दोन शब्द बोलायचे. मी गुळमुळीत हो म्हणाले. ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला, "सांगून टाका दोघांना बसले म्हणून. घेणाऱ्याचं नाव तर आपण कधी सांगतच नाही, कोण तपासायला जातंय?" मी त्याच्यावर खेकसले. पण ते वाक्य मी मनात घोळवून बघितलं होतं, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी सकाळी नेत्रपेढीकडून डोळे नष्ट केल्याचा कागद भरायला आला. कारणाच्या रकान्यात सविस्तर लिहा, असं होतं. मी वही उघडली आणि मिलिंदचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला लागले. दात्याने जनावराच्या तोंडात हात घातला होता. दात्याच्या मुलाने जबडा धरला होता.

पेन तिथेच थांबलं.

जबडा धरला होता. दोन दिवस ते माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात पडून होतं. रक्तात काही निघालं तर घरच्यांना विश्वासात घेऊन सांगायचं, हे आम्हाला शिकवलेलं आहे. इथे रक्तात काही निघालंच नव्हतं. माझं सगळं डोकं ज्यांना डोळे बसणार त्यांच्यात अडकलेलं. ज्यानं दोन्ही हातांनी ते तोंड उघडून धरलं, त्याच्याशी मी फोनवर बोलले, त्याचे शब्द लिहून घेतले, आणि फॉर्म पूर्ण करायचाय म्हणून फोन ठेवला. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. जे करायचं ते त्याआधी, आणि आधी म्हणजे किती आधी, ते कोणालाच माहीत नसतं. आज असेल, पंधरा दिवसांनी असेल.

मिलिंदचा फोन लागेना. मी रहीमभाईंना म्हणाले, गाडी काढा. ताडकळसपर्यंत मी तीनदा फोन लावला आणि रहीमभाईंना पाच वेळा म्हणाले असेन, जरा जोरात घ्या. ते शेवटी म्हणाले, "मॅडम, ब्रेक पे पाय ठेवल्यासारख्या बसू नका, तुमच्याकडं ब्रेक न्हाई."

दारात मांडव घालणं चालू होतं. मांडवाला फ्लेक्स लावलेला, गुरुजींचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात: गुरुजींच्या डोळ्यांनी दोघे जग पाहत आहेत. मिलिंद शिडीवर उभा राहून त्याची दोरी आवळत होता. मला बघून तो हसत खाली उतरला. "कार्यक्रम उद्या हाय मॅडम, आजच आलात?"

मी त्याचे हात बघितले. दोन्ही हातांवर काम करणाऱ्या माणसाचे असतात तसे जुने-नवे ओरखडे.

मथुराबाईंनाही बोलावून घेतलं आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं. म्हैस, लाळ, डोळे बाद केल्याचं, इंजेक्शनं घ्यायला लागतील हे. मी भराभर बोलत होते. मिलिंदचा चेहरा बदलत गेला.

"टाकून दिले?" तो म्हणाला. "माझ्या बापाचे डोळे टाकून दिले?"

"मिलिंद, आधी तुझं बघू. जीपमध्ये बस, दवाखान्यात जाऊ."

"म्हैस पिसाळली हुती कुनी सांगितलं? तुमी बघितली? डॉक्टरनी बघितली? दोन मानसं आंधळी ठिवली तुमी, आन वर मला इंजेक्शन?" मांडवातली माणसं थांबून बघायला लागली. "उद्या सगळा गाव येनार हाय. काय सांगू म्या? गुरुजींचे डोळे किडके निघाले?"

मी म्हणाले, "किडके नव्हते. माझा प्रश्न अपुरा होता."

"मग तुमी प्रश्न इचारायला आलताच कशाला?"

मथुराबाईंनी हळू विचारलं, "बाई, मंग ते डोळे आता कुठं हाईत?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "जाळले," मी म्हणाले. "नियमानं जाळावे लागतात."

"म्हंजे ते तिकडं येगळे जळाले," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि अगदी सरळ आवाजात मला विचारलं, "त्या म्हशीची लाळ पडलेली घमेली म्या घासली. मलाबी घ्यावं लागंल का?"

"तुमच्या हाताला चिरा होत्या?"

"भांडी घासनाऱ्या बाईच्या हाताला चिरा नसत्यात व्हय?"

त्या उठल्या. चपला घातल्या, चालत जीपपाशी गेल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. घरात दुखवटा, दारात अर्धा मांडव, आणि घरची बाई जीपमध्ये. तिथून त्यांनी आवाज दिला, "मिल्या, अर्जावर तुजीबी सही हाय. त्यांनी इचारलं न्हाई, आन तू सांगितलं न्हाई. म्हैस मेल्याचं तुला ठावं हुतं का न्हाई? ये बस."

"आई, काय व्हत न्हाई."

"तुजा बाप गेल्याला चार दिस झालेत," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

तो आला. माझ्याकडे न बघता रहीमभाईंच्या शेजारी बसला. दवाखान्यात त्याच्या ओरखड्यांभोवती सुया टोचल्या. पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा मी दोघांच्या चिठ्ठ्यांवर लाल शाईने लिहून दिल्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन केला. तो उचलून नुसतं "हं" म्हणायचा. मी त्या महिन्यात किती वेळा घाबरून जागी झाले ते सांगत नाही. लस उशिरा गेली असेल तर? मी ते दोन दिवस फुकट घालवले नसते तर?

पुण्यानुमोदनाला मी गेले. मांडवात फ्लेक्स नव्हता, नुसता फोटो होता. माईकवर मी सांगितलं की गुरुजींनी दिलेलं दान आम्हाला वापरता आलं नाही, दोष त्यांचा नाही, आणि त्या म्हशीला ज्यांनी ज्यांनी हात लावला, तिच्या तोंडाशी गेले, त्यांनी उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यावं. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मागे कोणीतरी हसलंही. मग म्हैस पुरायला मदत केलेले दोन शेजारी पुढे आले, आणि गुरुजींची धाकटी भावजय, जिनं म्हशीचं तोंड फडक्याने पुसलं होतं. त्या वस्तीतून त्यानंतर नेत्रदानाचा एकही अर्ज माझ्या नोकरीत आला नाही.

आमच्या छापील फॉर्ममध्ये मी मग स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली. घरातलं कुठलं जनावर इतक्यात मेलं का, कशानं, आणि त्याच्या तोंडाशी कोण कोण गेलं होतं? नंतरच्या मुली तीच ओळ विचारतात. एकीने तर मला विचारलं, मॅडम, हा प्रश्न कुठल्या पुस्तकातून आला हो?

मी निवृत्त झाले. गेल्या वर्षी एका कामाने ताडकळसला गेले होते, आठवडी बाजार होता. मिलिंद दिसला. पाठीवर पोतं होतं, ते त्याने खाली ठेवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले, पालथे, मग उताणे.

"बगा मॅडम. काय झालं ह्या हातांना?"

"काही नाही झालं."

"आईला? काकूला? म्हैस पुरनाऱ्या त्या दोगांना?"

"कोणाला काही नाही झालं."

"मंग आबांचे डोळे चांगलेच हुते की."

याचं उत्तर मी त्याला मधल्या वर्षांत दोनदा दिलेलं आहे. लस घेतली म्हणून काही झालं नाही, की मुळात काही नव्हतंच, हे आता कुणालाच कळणार नाही. म्हैस मातीत गेली. तेच तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, आणि समोरच्या त्या दोन हातांकडे बघून मिटलं. राठ, भरलेले, नखांत माती.

"हो," मी म्हणाले. "चांगले असतील."

त्याने पोतं उचललं आणि निघून गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्यावर रागवायला तो जिवंत आहे, एवढं मला पुरायला हवं. पुरत नाही.